आधी सोनेगावचा फुगा

नागपूर, नवतपाचा चौथा दिवस

अगं,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं. नागपुरातून बाहेर पडायचं म्हणून दोन वर्षं खोलीत कोंडून घेतलंस, नेट परीक्षा काढलीस, डोक्यात शुक्र ग्रहाचं वातावरण घेऊन पीएचडीला बंगळुरूला पोचलीस. आणि गाईडनी हातात काय दिलं, तर आपल्या सोनेगाव विमानतळावरून सुटणाऱ्या हवामान-फुग्यांचा जुना डेटा. विषय, मान्सूनपूर्व वादळं. "मॅडम, मला परत घरीच पाठवलं हो," असं लिहिलंयस. तुझ्या आईचा फोनही येऊन गेला, पोरगी नीट जेवत नाही म्हणत होती. म्हणून हे पत्र. बाहेर ४५ आहे, दुपारभर कुठं जाता येत नाही, तेव्हा लांबलं तर सहन कर.

कालच कूलरची खस बदलून घेतली. तो माणूस जाताना म्हणाला, "आता मजा आहे, जुलैत मात्र शिव्या द्याल." त्याचं वाक्य म्हणजे तुझ्या विषयाचा पहिला धडा. आत्ता ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धर. तापमापकाला ओलं फडकं गुंडाळलं तर पारा २४ च्या आसपास येऊन थांबतो. कूलरला उतरायला एकवीस अंशांची जागा आहे. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के झालं की ओला पारा २९ वरच अडतो, जागा उरते तीन अंशांची. पाणी वाफ होताना उष्णता घेतं, वाफेचं पाणी होताना ती परत करतं. याच देवाणघेवाणीवर संध्याकाळचं वादळ उभं राहतं. शनीच्या टायटन या चंद्रावर हाच व्यवहार मिथेन करतं, शुक्राच्या ढगांत गंधकाम्ल. माल बदलतो, खातेवही तीच. ती तू ज्या गावात वाढलीस तिथल्या ढगांवर शिकलीस तर त्यात कमीपणा कसला?

आता फुग्याबद्दल. तू नागपूरची असूनही तो सुटताना पाहिलेला नाहीस, हे मला माहीत आहे, कारण तुझ्या बॅचमधल्या कुणीच पाहिलेला नाही. जगभरची केंद्रं एकाच वेळी निरीक्षण घेतात, आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच. त्याच्या थोडं आधी फुगा सोडतात. खाली दोरीला डब्याएवढं यंत्र लटकलेलं. सोडणारा माणूस आधी वाऱ्याचा अंदाज घेतो, दोन पावलं पळतो आणि हात मोकळा करतो. फुगा क्षणभर तिरपा होतो, मग सरळ चढतो. साधारण ३० किलोमीटरवर फुटेपर्यंत तो दाब, तापमान, आर्द्रता खाली सांगत राहतो. जमिनीवर ४५ असताना १६-१७ किलोमीटरवर उणे ७५ च्या आसपास असतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्याच छपरावरून गेलेल्या डब्यानं सांगणं वेगळं.

आणि हे बघ. जून १९८५ मध्ये सोव्हिएत 'वेगा' मोहिमेच्या दोन यानांनी शुक्राच्या ढगांत प्रत्येकी एक फुगा सोडला. साधारण ५४ किलोमीटर उंचीवर ते दोनेक दिवस तरंगत राहिले. तिथला दाब आपल्या जमिनीवरच्या दाबाच्या निम्म्याजवळ, तापमान तिशीच्या आसपास. म्हणजे गंधकाम्ल सोडलं तर आपल्या आजच्या धरमपेठेपेक्षा हवा बरी. फुग्यांनी काय पाहिलं? हवा नुसती आडवी वाहत नाही, ती जोरानं वरखाली होतेय. अभिसरण. तुझ्या गाईडनी तुला तेच तर दिलंय. एवढंच की शुक्रावरचे फुगे दोन, आणि सोनेगावचे रोज दोन.

विषय बदलल्याचं दुःख खरं असतं, ते मी नाकारत नाही. पण हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांचं ऐक. इंजिनिअर होऊन ते सिकंदराबादला फ्रिजच्या धंद्यात नोकरीला लागले. काम काय, तर शीतकाची गळती थांबवणं. कंटाळले. १९७० मध्ये अमेरिकेत गेले ते प्रकाशाच्या व्यतिकरणावर काम करायला. पोचेपर्यंत त्यांच्या गाईडनी स्वतःचंच क्षेत्र बदललं होतं आणि ग्रहांची वातावरणं धरली होती. बिचारे रामनाथनही तिकडेच वळले. पुढे १९७५ मध्ये त्यांनीच दाखवलं की फ्रिजमधून गळणारा तोच वायू, क्लोरोफ्लुरोकार्बन, रेणूला रेणू धरला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे दहा हजारपट उष्णता अडवतो. गळती, मंगळ-शुक्राचं गणित आणि पृथ्वी अशी तिन्ही टोकं एका माणसात जुळली, आणि त्यातलं एकही त्यांनी ठरवून निवडलेलं नव्हतं. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांचंही तसंच. सुरुवात शुक्राच्या ढगांपासून, आणि १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर पृथ्वी तापतेय म्हणून साक्ष. तुझा रस्ता उलट दिशेचा आहे, एवढंच.

पण माझं खरं म्हणणं याच्याही पुढचं आहे.

३० मे २०२४ आठवतोय? नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश लागले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच गदारोळ. माझ्या वहिनीनं पुण्याहून फोन करून विचारलं, जिवंत आहात ना? मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आदल्या दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ लागले होते, तिथंही तपासणीत यंत्र तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. आता विचार कर, चूक पकडली कशी गेली? शेजारी दुसरी केंद्रं होती आणि ती निमूटपणे पंचेचाळिशीच्या आसपास दाखवत होती. शेजारी होता म्हणून खोटं उघडं पडलं. शुक्रावर शेजारी नाही. सोव्हिएत यान व्हेनेरा-१३ मार्च १९८२ मध्ये तिथं उतरलं, १२७ मिनिटं टिकलं; त्यानं जे सांगितलं ते पडताळायला कोपऱ्यावर दुसरं केंद्र नव्हतं. २०२० मध्ये शुक्रावर फॉस्फिन, म्हणजे जीवसृष्टीची संभाव्य खूण मानला जाणारा वायू, सापडल्याचा बोभाटा झाला, मग त्याच डेटाची पुन्हा छाननी होऊन आकडा खाली आला, आणि वाद अजून चालू आहे.

म्हणून म्हणते, जिथं चूक पकडली जाते तिथं आधी शीक. माझीच गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्या आलेखात विदर्भातली वादळं रात्री अकराला शिगेला पोचत होती. मी हरखले. रात्री ढगांचे माथे कसे थंड होतात आणि त्यानं वादळाला कसं बळ मिळतं, यावर चार पानं लिहिली, गाईडनाही ती आवडली. निरीक्षणं नोंदवणारे एक काका होते, विज्ञानाची पदवी नव्हती त्यांच्याकडे. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "बाई, हे घड्याळ कुठलं? वळीव तर चहाच्या वेळेला येतो." भारतीय वेळेतली नोंद मी ग्रिनिचची समजून त्यात आणखी साडेपाच तास घातले होते. चार पानं केराच्या टोपलीत. नागपूरच्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक असतं, ते मला आलेखानं विसरायला लावलं होतं. शुक्रावर असा घोळ घातला असता तर त्या चार पानांचा पेपर झाला असता.

तेव्हा या वर्षी दोन कामं कर. एक, वादळ झालेला कुठलाही एक दिवस घे आणि त्या दिवसाचा टेफिग्राम, म्हणजे फुग्यानं उंचीगणिक सांगितलेल्या तापमान-आर्द्रतेचा आलेख, हातानं काढ, पेन्सिलनं. पायथॉन दोन सेकंदांत काढतं, ठाऊक आहे. मला तुझी पेन्सिल कुठं अडखळते ते बघायचंय. दुसरं, कागदावर तीन ग्रहांचा हिशेब मांड. शुक्रावर आपल्या जवळजवळ दुप्पट ऊन पडतं, पण ढग त्यातला पाऊण भाग परत पाठवतात. तो ग्रह पृथ्वीपेक्षा कमी ऊन पचवतो आणि तरी जमिनीवर ४६० च्या वर तापतो. मंगळावर दर चौरस मीटरवर आपल्या वीसपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड आहे, तरी त्याची ऊब जेमतेम पाचेक अंशांची. का? दाब इतका कमी की वायूच्या शोषणरेषा, म्हणजे तो ज्या लहरी अडवतो त्यांचे पट्टे, रुंदावत नाहीत, आणि साथीला पाण्याची वाफही नाही. "कार्बन वाढला की तापतं" एवढंच पाठ करून आलेला विद्यार्थी मंगळावर आपटतो. तू आपटू नयेस.

शुक्र सोडायला मी सांगत नाहीये. भारताच्या शुक्रमोहिमेला मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, १,२३६ कोटींची मोहीम, उड्डाणासाठी मार्च २०२८ धरलाय. तुझ्या वयाच्या मुलीला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? पण प्रबंधाचं एकही प्रकरण उड्डाणाच्या तारखेला टांगू नकोस. जपानचं अकात्सुकी डिसेंबर २०१० मध्ये शुक्रापाशी पोचलं, इंजिननं दगा दिला आणि यान पुढं निघून गेलं. सूर्याभोवती पाच वर्षं फिरून डिसेंबर २०१५ मध्ये छोट्या थ्रस्टरांवर ते कक्षेत बसलं. यानाला पाच वर्षं थांबता येतं. तुझ्या फेलोशिपला येत नाही.

पैशाचं थोडक्यात. पहिली दोन वर्षं ३७,०००, मग ४२,०००, अधिक घरभाडं. ऐकायला ठीक आहे, वेळेवर आले तर. माझे एकदा सात महिने अडकले होते, कुणाच्या टेबलावर ते आजवर कळलं नाही. तीन महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेव आणि त्याला हात लावू नकोस. नंतर पोस्टडॉकसाठी बाहेर जावं लागेल, दोन-दोन वर्षांच्या करारांवर, हे बाबांना आत्ताच सांग, शेवटच्या वर्षी नको. "मग नोकरी कधी?" असं ते विचारतीलच. हवामान खातं, सौर आणि पवनऊर्जेचा अंदाज देणाऱ्या कंपन्या, विमा कंपन्या, वातावरणाचा डेटा नीट वाचता येणारा माणूस सगळ्यांना हवा असतो, असं सांग. ते खरंही आहे. लग्नाचा विषय निघाला तर फोन माझ्याकडे दे.

आणि गाईड. त्यांच्याबद्दल तू जे लिहिलंस त्यातलं निम्मं मला रागाचं वाटलं. उरलेलं निम्मं तपासायला त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना विचारू नकोस, ते बोलणार नाहीत. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या कुणाला तरी चहाला गाठ. एकच विचार: तुमची चूक त्यांनी कशी दाखवली? चारचौघांत की खोलीत? उत्तर मिळालं की मला कळव, मग विषय बदलायचा की गाईड, ते बोलू.

पुढच्या आठवड्यात घरी येते आहेस असं आई म्हणाली. सोनेगावच्या केंद्रात माझ्या ओळखीचे एक जण आहेत, परवानगीचं मी बघते. पहाटे साडेचारला तयार राहा, स्कूटर मी चालवेन. आणि जाताना आईचा तो लोणच्याचा डबा घेऊन जा, तीन महिने झाले, माझ्याकडेच पडलाय.

तुझी,
मॅडम