"एवढं शिकून मशिनीच दुरुस्त करत फिरणार का?"

मागच्या महिन्यात या पानावर मेडिकल मशीन बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांमधल्या नोकऱ्यांचा विषय ओझरता आला आणि त्यावर इतके प्रश्न आले की हा महिना सगळा त्यालाच दिलाय. तीन पत्रं घेतलीत. मी कोण विचाराल तर या लाइनीत २६ वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ टूलबॅग मांडीवर घेऊन एसटीत गेली, नंतर ट्रेनिंग डिपार्टमेंट. त्यामुळे उत्तरं जरा एका बाजूला झुकलेली वाटतील, वाटू देत.

प्रश्न : सर, मी बीई इलेक्ट्रॉनिक्स, गाव बार्शीजवळ. दोन ऑफर आहेत. एक हिंजवडीत आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची, साडेतीन लाखाचं पॅकेज. दुसरी छत्रपती संभाजीनगरला एका मेडिकल इक्विपमेंट डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअरची, महिना १७ हजार आणि पेट्रोल. मला मशीनमध्येच इंटरेस्ट आहे पण पप्पा म्हणतात, एवढं शिकून मशिनीच दुरुस्त करत फिरणार का? घरात रोज वाद चाललाय. काय करू?

उत्तर : आधी पप्पांचं बघू. त्यांना बॅग, बाईक आणि १७ हजार दिसतायत, आणि तिन्ही खरंच आहेत, त्यामुळे त्यांच्याशी भांडू नकोस. माझे वडील शेजारपाजारी सांगायचे की पोरगा मेडिकल लाइनीत आहे, ऐकणारा समजायचा औषधाचं दुकान टाकलंय, आणि वडील काही बोलायचे नाहीत, चालू द्यायचे.

पण तू करिअरचं विचारलंयस तर माझं मत सांगतो. या धंद्यात वर जायचं असेल तर सुरुवातीची चार-पाच वर्षं हॉस्पिटलच्या आत गेली पाहिजेत, ऑफिसात नाही. पुढे तू सेल्सला जा, ट्रेनिंगला जा, डिझाइनला जा नाहीतर कागदपत्रांच्या डिपार्टमेंटला जा, पगार तुला त्या चार-पाच वर्षांचाच मिळत राहतो.

कसं ते सांगतो. २००३ चा मे महिना, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं हॉस्पिटल, ईसीजी मशीनची कंप्लेंट. कागदावर रेघ बारीक यायला पाहिजे ती स्केचपेनने गिरवल्यासारखी जाड यायची, विजेच्या लाइनीतून येणारी ५० हर्ट्झची घरघर म्हणतात ती, डॉक्टरांना त्यात काहीच वाचता येईना. मी पेशंट केबल बदलली, बोर्ड बदलला, मग दुसराही बोर्ड मागवून बदलला. मशीन वर्कशॉपला आणलं की चकाचक, तिकडे नेलं की परत तेच. तिसऱ्या फेरीला मी घामाघूम होऊन जमिनीवर बसलेलो आणि तिथले वॉर्डातले मामा म्हणाले, साहेब, प्यायला पाणी नाय, त्या खड्ड्यात कोण घालणार. कुठला खड्डा? तर अर्थिंगचा! जाऊन बघितलं तर वर पाचोळा, आत माती भेगाळलेली. मीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये ११ व्होल्ट, जिथे दोन-तीनच्या वर असू नये. मामांनी कुठून तरी चार बादल्या पाणी आणलं, किचनमधून खडेमीठ आणलं, ओतलं, आम्ही चहा प्यायलो, परत मीटर लावला तर दीड. मग ईसीजी काढला, रेघ केसासारखी.

कॉलेजात अर्थिंग मी शिकलोच होतो की, परीक्षेत मार्कही होते. पण मे महिन्यात मराठवाड्यातला खड्डा सुकतो, सुकला की अर्थिंग धरत नाही, आणि त्याची आठवण फक्त मामांना असते, हे तिथे जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. त्यात त्या हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट सीएमसी होतं. एएमसी म्हणजे नुसती सर्व्हिस आणि मजुरी, सीएमसी म्हणजे स्पेअर पार्टसकट, त्यामुळे माझ्या दोन बोर्डांचा भुर्दंड कंपनीला बसला आणि साहेबांनी महिनाभर मला तो ऐकवला. न लागणारा बोर्ड न बदलणारा माणूस साहेबांच्या लक्षात राहतो, हे मी असं शिकलो.

आता १७ हजाराचं. डीलरकडे ते फार वाढत नाहीत, खोटं कशाला सांगू. तिथे दोन-अडीच वर्षं थांब, हात बसू दे, मग मूळ कंपनीच्या रोलवर जा आणि एकच प्रकारची मशीनं धर. सीटी, एमआरआय, कॅथलॅब, डायलिसिस, लॅबचे अ‍ॅनालायझर, काहीही, पण एक. एमआरआयचं उदाहरण घे. त्याचं मॅग्नेट हेलियममध्ये उणे २६९ डिग्रीला बुडवून ठेवलेलं असतं आणि रात्री स्विच बंद करून घरी जायची सोय नसते, मॅग्नेट कायम चालूच. थंड ठेवणारी कोल्डहेड बिघडली की हेलियम उडायला लागतो, आणि रात्री दीड वाजता ज्याला फोन जातो त्या माणसाला कंपनी सहजासहजी सोडत नाही. अशी माणसं आख्ख्या राज्यात मोजकीच असतात आणि बहुतेक सगळी एकमेकांना नावाने ओळखतात.

तिथून पुढे वाटा फुटतात. फिलिप्सचं मेडिकल मशीनचं काम चाकणला आहे, बंगळुरूला जीई आणि सीमेन्स हेल्थिनीअर्सची मोठी कामं आहेत, हैदराबादला मेडट्रॉनिकचं इंजिनिअरिंग सेंटर आहे. आयआयटी मुंबईत बेटिक म्हणून २०१४ पासून चालणारी एक जागा आहे, तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं बनवतात, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी पण त्यात जोडलेलं आहे. डिझाइनच्या टेबलावर सगळे हुशार असतात, पण नर्स हातात ग्लोव्ह्ज असताना ते बटण दाबणार आहे आणि क्लीनिंगवाली मावशी स्क्रीनवर फिनाइलचं फडकं मारणार आहे, हे सांगणारा एकच जण असतो, जो आधी सर्व्हिसला होता.

कागदपत्रांची, म्हणजे लायसन्स-मंजुऱ्यांची, वाट लोक हसण्यावारी नेतात, ती नेऊ नकोस. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू. उपकरणांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग केलेत, ए मध्ये ड्रेसिंगसारख्या कमी धोक्याच्या वस्तू, बी मध्ये थर्मामीटर, बीपीचं मशीन वगैरे, आणि वर डी मध्ये हृदयाच्या झडपा. आधी थोड्याच वस्तूंना लायसन्स लागायचं, आता १ ऑक्टोबर २०२२ पासून ए (त्यातल्या निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या वस्तू सोडून) आणि बी ला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सी आणि डी ला पण. त्यामुळे छोट्या छोट्या कारखान्यांना सुद्धा आयएसओ १३४८५ (मेडिकल उपकरणांच्या क्वालिटीचं स्टँडर्ड) समजणारा, फाइल उभी करणारा माणूस लागायला लागलाय. ज्याने मशीन बिघडताना बघितलंय त्याने लिहिलेली रिस्कची फाइल आणि ज्याने नाही बघितलं त्याची, दोन पानं वाचली तरी फरक कळतो.

हिंजवडी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं. घरात कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल तर सरळ तिकडे जा, आणि तिथे मेडिकल सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट मिळतोय का बघ. मेडिकल सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ नावाचं स्टँडर्ड आहे, ते ज्यांना येतं असे टेस्टर मेडिकल कंपन्या शोधतच असतात. लांबचा रस्ता आहे पण आहे.

डीलरला हो म्हणायच्या आधी मात्र विचार, की कुठल्या कंपनीचे तुम्ही ऑथराइज्ड, कंपनीच्या ट्रेनिंगला मला पाठवणार का, पाठवणार तर बॉण्ड किती. एक्स-रेच्या मशीनवर काम असेल तर टीएलडी बॅज मिळणार का हे नक्की विचार, अंगावर किती रेडिएशन पडलं ते त्यावर मोजलं जातं, बॅज न देणाऱ्याकडे जाऊ नको. आणि ओरिजिनल मार्कशीट "ठेवायला" मागितली तर उठून घरी ये.

प्रश्न : मी नाशिकला एका हॉस्पिटलमध्ये सीटी टेक्निशियन आहे, वय ३१, आठ वर्षांचा अनुभव. आमच्याकडे नवीन मशीन बसलं तेव्हा कंपनीकडून एक मॅडम शिकवायला आल्या होत्या, अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. पण मी इंजिनिअर नाही, इंग्लिश कामापुरतं येतं, आणि मुलगी चार वर्षांची आहे. जमेल का?

उत्तर : ताई, पहिल्या दोन गोष्टी मनातून काढून टाका. अ‍ॅप्लिकेशनला इंजिनिअर नकोच असतो, तुम्हीच हव्या असता. इंजिनिअर मशीन चालू करून देतो, पण चार वर्षांचं रडणारं पोर टेबलवर असताना डोस कमी ठेवून इमेज कशी काढायची, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन कधी सोडायचं, श्वास धरायला सांगायचं ते कुठल्या शब्दात सांगायचं, हे तुम्हाला येतं, त्याला नाही येत. मी ट्रेनिंगमध्ये असताना एक बाई आल्या होत्या, त्यांचा इंटरव्ह्यू घेणाऱ्याने विचारलं, पोटाचा स्कॅन आहे आणि पेशंटला ऐकू येत नाही, काय कराल? त्या म्हणाल्या, आधी बाहेर बसवून तीन वेळा हाताने खुणा करून प्रॅक्टिस करून घेईन, नातेवाइकाला पण शिकवीन, मग आत नेईन. प्रश्न तिथेच संपले. इंग्लिश येतंच हो, मॅन्युअल वाचून वाचून येतं. जळगावच्या टेक्निशियनला तर तुम्ही मराठीतच शिकवणार आहात.

तिसरी गोष्ट मात्र मी गोड करून सांगणार नाही. या कामात महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस बाहेर जातात, मशीन बसलं की चार-पाच दिवस तिथेच मुक्काम, आणि "उद्या सकाळी नांदेडला पोचा" असे फोन येतात. मुलगी चार वर्षांची आहे आणि घरी सासूबाई किंवा आई आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीये. तर दोन गोष्टी बघा. पूर्ण वेस्ट झोन घेऊ नका, नाशिक-धुळे-जळगाव-नंदुरबार एवढीच टेरिटरी देणारं कोणी आहे का विचारा, डीलर लेव्हलला अशा जागा असतात. नाहीतर फोनवरून आणि स्क्रीन शेअर करून मदत देणारा रिमोट डेस्क, तिथे शिफ्ट असते पण मुक्काम नसतो. मुलगी दुसरी-तिसरीत गेली की मग फिरतीचं घ्या.

आतापासून एक करा. तुमच्याकडे जे प्रोटोकॉल (स्कॅनची ठरलेली सेटिंग) तुम्ही स्वतः बदलून चांगले केलेत ते वहीत लिहून काढा, आधी काय होतं, काय बदललं, डोस किती उतरला. पेशंटचं नाव कुठेही नको. तुमचा बायोडेटा म्हणजे ही वहीच. आणि त्या मॅडमचा नंबर असेलच तुमच्याकडे, लाजू नका, करा फोन. या लाइनीत जागा निघाली की आधी ओळखीतच फिरते.

प्रश्न : सर, नाव छापू नका. मी सोनोग्राफी मशीनच्या सेल्समध्ये आहे, आठ महिने झाले. माझा मॅनेजर म्हणतो एका डॉक्टरांकडे डेमो मशीन चार दिवस ठेव, त्यांचं सोनोग्राफीचं रजिस्ट्रेशन अजून व्हायचंय पण ऑर्डर पक्की आहे. टार्गेट संपत आलंय. मी नाही म्हटलं तर नोकरी जाईल का?

उत्तर : ठेवू नकोस. टार्गेटच्या गोष्टी मी एरवी ऐकून घेतो, ही नाही.

आपल्या राज्याने गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी केला, १९८८ मध्ये, आणि केंद्राचा १९९४ चा, ज्याला आपण पीसीपीएनडीटी म्हणतो. त्यात स्पष्ट आहे की रजिस्ट्रेशन नसलेल्या जागी मशीन विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, आणि पैसे न घेता नुसतं वापरायलाही द्यायचं नाही. डेमो त्यात आला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मॅनेजरने तोंडी सांगितलेलं असतं रे, डिलिव्हरी चलनावर सही तुझी असते. कंपनीला कुठलं मशीन कुठे गेलं याचा दर तीन महिन्यांनी सरकारला रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात हे चार दिवस कोण दाखवणार?

भांडायची गरज नाही. मॅनेजरला मेल कर, फोन नको, मेलच. "सर, डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची कॉपी मिळाली की दुसऱ्याच दिवशी मशीन लावतो, तोपर्यंत त्यांना आपल्या शोरूमला बोलावून प्रेझेंटेशन देऊ का?" एवढंच. याला लेखी "नाही, तसंच ठेव" असं उत्तर कोणी देत नाही. डॉक्टरांनाही सांग, त्यांनाच जास्त अडचण होणार आहे, आणि खरेदीच्या वेळी हे मशीन लिंगनिदानासाठी वापरणार नाही असं अ‍ॅफिडेव्हिट त्यांनाच द्यायचंय. मी बघितलेत असे, पहिल्यांदा चिडतात आणि मग पुढच्या मशीनला तुलाच फोन करतात. सगळेच नाही करत, काही खरंच दुसऱ्या कंपनीकडे जातात, ती ऑर्डर गेली म्हणायचं.

नोकरी जाईल का विचारलंस. जाऊ शकते, मी नाही कशी म्हणू. मेलची कॉपी स्वतःजवळ ठेव आणि बायोडेटा अपडेट करून ठेव, आठ महिन्यांत ज्या ज्या डॉक्टरांकडे मशीन लावलंस त्यांची यादी बनव. दुसऱ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूत आधीची नोकरी का सोडली विचारतील तेव्हा हीच गोष्ट सांग, फक्त जुन्या मॅनेजरचं नाव घेऊ नकोस.