ओपन वेबबद्दल (म्हणजे कुणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं, सगळ्यांना खुलं वेब) खोलात विचार करणारा एखादा डिझायनर फॉलो करायचाय, कोणाला करू?

मी तरी जेरेमी कीथ म्हणेन. मूळचा आयर्लंडचा, राहतो इंग्लंडमध्ये ब्रायटनला, २००५ मध्ये क्लिअरलेफ्ट ही डिझाइन एजन्सी सुरू करणाऱ्या तिघांपैकी एक. २०१६ ला 'रेझिलियंट वेब डिझाइन' हे पुस्तक त्याने सरळ वेबवरच फुकट टाकलं, सुरुवात तिथून करा.

त्याचा मुद्दा तसा साधाच आहे. ब्राउझरला एचटीएमएलमधला (पानाचा मजकूर नि रचना लिहायची भाषा) अनोळखी टॅग (मजकुराभोवतीची खूण) दिसला तर तो टॅग सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो, सीएसएसची (पान दिसायला कसं असेल ते सांगणारी भाषा) न कळलेली ओळही तशीच गाळतो, पण जावास्क्रिप्टमध्ये (पानाला हलतं-बोलतं करणारी प्रोग्रामिंग भाषा) एक चूक झाली की ती स्क्रिप्ट तिथेच बसते. म्हणून आधी साध्या एचटीएमएलमध्ये काम होईल असं बनवा, फॉर्म सबमिट झाला पाहिजे, लिंक उघडली पाहिजे, मग त्यावर सजावट नि बाकी करामती चढवा. ऐकायला सोपं वाटतं, पण रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीशिवाय पान न हलणाऱ्या टीममध्ये हे बोलून बघा एकदा, सगळे वेड्यासारखं बघतात :)

आणि माणूस नुसता बोलत नाही बरं का. एएमपीच्या (मोबाईलवर पानं झटकन उघडावीत म्हणून गूगलने सुरू केलेला प्रकल्प) सल्लागार समितीवर होता, पण हे शेवटी गूगलचंच प्रॉडक्ट आहे असं पटल्यावर २०२१ मध्ये राजीनामा दिला. आयरिश पारंपरिक संगीताच्या धुनांची 'द सेशन' नावाची साइटही तोच चालवतो, ती मोबाईलवर उघडून बघाच.

फॉलो करायला सोशल मीडिया नको, त्याच्या अ‍ॅडॅक्टिओ साइटचं आरएसएस फीड (नवीन लेख आपोआप तुमच्या फीड रीडर अ‍ॅपमध्ये आणणारी सोय) घ्या.