आधी लाइन ठरव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. गेटवे, घारापुरी, हाजी अली, जुहू, कान्हेरी, राणीबाग, सी-लिंक आणि वर दोन कॅफे. हातात शनिवार, रविवार, सोमवार. मुक्काम ठाण्याला मावशीकडे. यादी मोबाइलच्या नकाशावर बोट फिरवून केलेली दिसते. नकाशात सगळं जवळच असतं रे.

मुंबई ही दक्षिणोत्तर लांब पसरलेली आहे. गाड्या उभ्या धावतात, आडवं जायचं म्हटलं की तास गेलाच. म्हणून ठिकाणं मोजू नकोस. एका दिवसाला एक दिशा धर आणि त्या वाटेवर जे येईल तेवढंच बघ. जुहू आणि सी-लिंक आत्ताच खोडून टाक. सी-लिंकवरून चालत जाता येत नाही, टॅक्सीच्या काचेतून बघायला एवढी धावाधाव कशाला?

दुसरा पेच सोमवारचा. घारापुरी आणि कान्हेरी दोन्हीकडे सोमवारी सुट्टी असते. म्हणजे या दोन्ही शनिवार-रविवारवर येतात, आणि दोन्ही केल्यास तर बाकी शहर हुकलं. माझं ऐकशील तर कान्हेरीची लेणी कर. घारापुरीला सगळेच जातात, त्यामुळे शनिवारी लाँचच्या रांगेतच अर्धी सकाळ जाईल.

शनिवारी पहाटेच घोडबंदर रोडने बोरिवलीची बस धर. उशीर केलास तर त्या रस्त्यावर काय होतं ते मावशीला विचार, ती मनापासून सांगेल. बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचं गेट, तिथून लेणी बरीच आत आहेत. उद्यानाची बस मिळते. बहुतेक लोक तीन नंबरच्या चैत्यगृहापाशी, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यापाशी, फोटो काढून परततात. तू वर चढ. शंभरावर लेणी आहेत, आणि बघण्यासारखी खरी गोष्ट आहे पाणी. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्याच्या, दाराशी कातळात खोदलेलं टाकं, आणि उतारावरचं पावसाचं पाणी त्यात आणून सोडणारे चर. काही टाक्यांपाशी ब्राह्मी लेखात दान देणाऱ्याचं नावसुद्धा सापडतं. माकडांपासून पिशवी सांभाळ. खाऊची पिशवी त्यांना लांबून कळते.

रविवारी फोर्ट. कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे, इमारतींकडे मान वर करून बघता येतं. पण रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद किंवा दुसऱ्या मार्गाने. कुठल्या मार्गावर आणि किती ते किती, ते आदल्या दिवशीच्या पेपरात येतं. साधारण दुपारभर चालतो, तेव्हा सकाळी आठच्या आत सीएसएमटीला उतर आणि संध्याकाळी उशिरा निघ. ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल पकड, बसायला मिळतं. फास्टच्या मोहात पडू नकोस, वीसेक मिनिटं वाचवून काय करणार?

सीएसएमटी बाहेरून बघताना फाटकाच्या खांबांकडे लक्ष दे. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ: ब्रिटन आणि हिंदुस्थान. इमारत १८८८ साली पुरी झाली, पण गाडी त्याआधीची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी तुझ्या मावशीच्या ठाण्यालाच गेली होती. बाहेरच्या भुयारी मार्गात वाट चुकशील. सगळेच चुकतात, पाटीपेक्षा फेरीवाल्याला विचार.

तिथून चालत हुतात्मा चौक. लोक कारंज्याचा फोटो काढतात आणि शेजारी मशाल धरून उभ्या असलेल्या शेतकरी-कामगारांकडे पाठ करतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं ते स्मारक आहे. तिथे दोन मिनिटं थांब.

मग ओव्हल मैदान. मधल्या पायवाटेवर उभा राहा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ चे, टोकदार कमानींचे. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोल कोपऱ्यांच्या, आडव्या छज्ज्यांच्या. दोन बाजू इतक्या वेगळ्या का? पूर्वेकडच्या इमारती झाल्या तेव्हा पश्चिमेला समुद्र बराच जवळ होता. नंतर बॅकबे नावाच्या त्या समुद्रात भराव टाकला आणि त्या नव्या जमिनीवर नव्या फॅशनची घरं उठली. २०१८ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत आहे. पण रविवारी तिथे खरी मजा क्रिकेटची. एकाच मैदानात इतके सामने चालतात की एका संघाचा लाँग-ऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. चेंडू आला की फेकून द्यायचा, कुणाचा ते विचारायचं नाही.

सोमवारी ऑफिसची गर्दी असते. अकरापर्यंत घरातून निघूच नकोस. मग सरळ भायखळा, राणीबाग. पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव असतं. घारापुरी हुकली म्हणून हळहळू नकोस, ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती इथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. इंग्लंडला न्यायला उचलताना फुटला, मग तुकडे जोडून उभा केला. सांधे दिसतात. वेळ उरला तर लालबाग-परळला पायी फिर. टॉवरांच्या मध्येच एखादी गिरणीची चिमणी उभी दिसेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर हा भाग कसा बदलला, ते तिथल्या चहाच्या टपरीवर एखादा म्हातारा सांगेल. तू फक्त विषय काढ.

परतताना कर्जत-कसारा फास्टमध्ये चढू नकोस. ठाण्याला उतरणाऱ्याला त्या डब्यात कुणी प्रेमाने वाट देत नाही. ठाणे लोकलच घे, सॅक पोटाशी, आणि मुलुंड आलं की दरवाज्याकडे सरक.

आणि रात्रीच्या गाडीचं तिकीट पुन्हा काढून बघ. त्यावर एलटीटी असेल तर ते कुर्ल्याचं टिळक टर्मिनस, सीएसएमटी नव्हे. वांद्रे टर्मिनस असेल तर तेही वांद्रे लोकल स्टेशनपासून वेगळं आहे. काय ते आजच कळव, म्हणजे किती वाजता निघायचं ते सांगतो.

तुझा,
काका