ऑनलाइन पोकरमध्ये दोघंतिघं मिळून एकाला लुटतात का? ते ओळखायचं कसं?

हो, लुटतात. आणि तुम्ही जिथे खेळताय तिथे ते सगळ्यात सोपं आहे.

तुमच्या प्रश्नाचा मजकूर लांब आहे, म्हणून त्यातलं मुख्य आधी सांगतो. ओळखीच्या माणसाने तुम्हाला एका क्लब अ‍ॅपवर घेतलं. सहा जणांच्या टेबलावर पाच पत्त्यांचा ओमाहा, म्हणजे प्रत्येकाच्या हाती पाच झाकलेले पत्ते असलेला पोकर, चालतो. त्यातले दोघं नेहमी एकाच वेळी येतात आणि एकाच टेबलावर बसतात. तुम्ही कॉल केलात (समोरच्याएवढेच पैसे लावलेत) की दोन्ही बाजूंनी रेझ येते, म्हणजे रक्कम वाढवली जाते. एजंटला, म्हणजे क्लबचे पैसे सांभाळणाऱ्या माणसाला, विचारलं तर तो म्हणतो, तुमचे पत्ते सध्या चालत नाहीत. हा खरोखरच कट आहे की हरल्यामुळे आलेला संशय, आणि पैसे परत मिळतील का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी बरीच वर्षं ऑनलाइन खेळलो आहे आणि ओळखीच्या खेळाडूंच्या डावांच्या नोंदी तपासून देत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेंढीकोटात जोडीदार समोर बसलेला असतो आणि कोण कोणाचा हे चौघांनाही माहीत असतं. पोकरमध्ये जोडी नसतेच, प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो, आणि याच भरवशावर तुम्ही पैसे लावता. संगनमत करणारे हा भरवसाच चोरतात. त्यासाठी मोठं तंत्रज्ञान लागत नाही. चालू ठेवलेला एक फोन कॉल पुरतो, किंवा एकाच खोलीत बसलेला एकच माणूस दोन मोबाइलवर दोन नावांनी खेळतो.

लोकांना वाटतं की एकमेकांचे पत्ते सांगणं हाच मोठा फायदा. दोन पत्त्यांच्या होल्डेममध्ये तो आहे, पण मर्यादित. तुमच्याकडे अठ्ठ्यांची जोडी असेल तर फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत) तिसरा अठ्ठा येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. साथीदाराच्या हातात एक अठ्ठा आहे हे कळलं की ती सव्वासहा टक्क्यांवर येते. म्हणजे काही वाईट कॉल वाचतात. पाच पत्त्यांच्या ओमाहात मात्र हिशोबच बदलतो. सहा जणांच्या टेबलावर ५२ पैकी ३० पत्ते वाटले जातात. तुम्हाला त्यातले ५ दिसतात, दोघांच्या टोळीला १०, तिघांच्या टोळीला १५. समजा बोर्डवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पत्त्यांत, तीन बदाम आले, जोडी नाही, आणि एकाकडे बदामचा राजा धरून फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) झाला आहे. प्रामाणिक खेळाडूला बदामच्या एक्क्याची धास्ती असते, तो मोठ्या रेझपुढे विचारात पडतो. टोळीतल्या माणसाला मात्र माहीत असतं की एक्का साथीदाराने मघाशीच टाकून दिलाय. त्याच्यासाठी तो फ्लश जवळपास अजिंक्य असतो आणि तो बिनधास्त सगळे पैसे पुढे ढकलतो. तुम्हाला वाटतं की हा माणूस फार धाडसी आहे, पण त्यात धाडस अजिबात नसतं. आपल्याकडच्या क्लबांमध्ये पाच पत्त्यांचा ओमाहा इतका लोकप्रिय का, याची कारणं बरीच आहेत. पण टोळीला हाच खेळ सगळ्यात सोयीचा पडतो, हे बसण्याआधी माहीत असायला हवं.

तुम्ही वर्णन केलेला प्रकार दुसरा आहे, आणि खरा पैसा त्यातच जातो. तुम्हाला मध्ये घेऊन दोन्हीकडून दाबणं. आकड्यांत सांगतो. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना लावावीच लागणारी रक्कम, २५ आणि ५०. पहिला १५० ला रेझ करतो. तुम्ही १५० ने कॉल करता. तुमच्या मागचा ६०० करतो, पहिला लगेच १८००. तुमच्याकडे बरे पत्ते आहेत, पण दोन माणसं एवढ्या जोराने भिडली म्हटल्यावर तुम्ही फोल्ड करता, म्हणजे पत्ते टाकून देता. तुम्ही फोल्ड केल्याबरोबर दुसराही फोल्ड करतो. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे, पहिल्याला मिळतो. दुसऱ्याचे ६०० गेले असं दिसतं, पण दोघांचा खिसा एकच. जोडीने कमावलं ते तुमचे १५० आणि ब्लाइंडचे ७५, म्हणजे २२५ रुपये, आणि तेही एकही पत्ता न दाखवता. फ्लॉप पडला नाही तर बहुतेक ठिकाणी रेकही (पॉटमधून कापली जाणारी फी) कापला जात नाही, त्यामुळे हा खेळ त्यांना फुकटात पडतो. रात्रभरात असे डाव किती होतात याचा विचार करा. तुम्हाला एकही मोठा धक्का बसलेला नसतो, तरी उठताना खिसा हलका झालेला असतो.

स्पर्धांमध्ये याची वेगळी रूपं आहेत. एकमेकांवर कधी जोर न लावणं, बुडणाऱ्या साथीदाराला मुद्दाम हरून चिप्स (पैशांऐवजी वापरायची टोकनं) देणं. पोकरस्टार्स या साइटवर 'डबल ऑर नथिंग' नावाच्या स्पर्धा असायच्या. दहा जण बसायचे आणि शेवटचे पाच उरले की पाचांनाही दुप्पट पैसे. जिंकायचं नाही, फक्त टिकायचं, म्हणजे साटंलोटं करणाऱ्यांसाठी आयती रचना. २०१० मध्ये चीनमधल्या खेळाडूंची एक मोठी टोळी तिथे सापडली. कंपनीने खाती बंद केली आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना पैसे परत दिले. 'परत दिले' हे लक्षात ठेवा, त्याकडे पुढे येतो.

आता ओळखायचं कसं. बहुतेक जण चुकीच्या जागी बघतात. 'माझ्याकडे तीन राजे होते आणि त्याला शेवटच्या पत्त्यावर स्ट्रेट (सलग पाच पत्ते) लागला' अशा तक्रारी मला नेहमी येतात. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. ओमाहात असं रोज होतं. दोघं एकमेकांशी क्वचितच भिडतात, हाही एकटा पुरावा नाही, कारण शिस्तीने खेळणारे फ्लॉपच्या आधीच बहुतेक हात टाकून देतात. पन्नास-शंभर डावांवरून कोणावर आरोप करू नका. तो अन्याय होईल, आणि खरी टोळी असेल तर ती सावधही होईल.

बघायचं ते हे की तुम्ही बाहेर पडल्यानंतर काय होतं. ६०० ची रेझ मारणारा माणूस तुमच्या फोल्डनंतर दर वेळी लगेच हात टाकतो का? तुम्ही गेल्यावर ते दोघं शेवटच्या पत्त्यापर्यंत नुसतं चेक-चेक करत, म्हणजे पैसे न लावता, जातात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोच माणूस त्याच जागेवरून टेबलावरच्या इतरांशी कसा खेळतो? तो सगळ्यांशीच असा वागत असेल तर ती त्याची शैली आहे. एका विशिष्ट नावासमोरच त्याचा खेळ बदलत असेल तर गोष्ट वेगळी. उलट बाजूही तपासा. त्या दोघांनी एकमेकांचे पूर्ण पैसे घेतल्याचे मोठे डाव मध्येमध्ये दिसतात का? दिसत असतील तर तुमचा संशय दुबळा होतो, पण संपत नाही, कारण पैसे आपसात फिरवण्याचीही तीच वाट आहे. अशा वेळी हरलेल्याने कशावर पैसे लावले होते ते बघा. हाती काहीच नसताना साथीदारापुढे सगळं लावलं असेल, तर उत्तर मिळालं.

अडचण अशी की निर्णायक पुरावा टाकून दिलेल्या पत्त्यांत असतो, आणि ते तुम्हाला कधीच दिसत नाहीत. दुसऱ्याने ६०० ची रेझ कचऱ्यावर केली होती का, हे फक्त सर्व्हरला माहीत. कोण कुठून लॉगिन करतो, दोन खाती एकाच फोनवर चालतात का, दोघं वर्षभर एकाच मिनिटाला येतात-जातात का, हेही तिथेच कळतं. म्हणजे संगनमत पकडलं जाणं हे शेवटी त्या सर्व्हरचा मालक कसा आहे, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारं कोणी आहे का, यावर येऊन ठेपतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००७ चं आहे. अ‍ॅब्सोल्यूट पोकर या साइटवर सप्टेंबरात १,००० डॉलर प्रवेश फीची एक स्पर्धा झाली. 'पॉटरिपर' नावाचं खातं जिंकलं. शेवटच्या डावात त्याने समोरच्याचे सगळे पैसे नुसत्या दश्शीवर, म्हणजे साधी जोडीही नसताना, कॉल केले, आणि समोरच्याकडे त्याहूनही हलके पत्ते होते. हरलेल्याने, तो 'क्रेझीमार्को' नावाने खेळायचा, कंपनीकडे डावांची नोंद मागितली. जी एक्सेल फाइल आली तीत फक्त त्याचे नाही, सगळ्यांचेच झाकलेले पत्ते होते, आणि कोण कुठून जोडलेलं होतं तेही. खेळाडूंनी ती ओळ न् ओळ वाचून काढली. पॉटरिपरने पहिले दोन डाव टाकून दिले होते. मग एक प्रेक्षक खातं टेबल बघायला आलं आणि त्यानंतर तो जवळजवळ प्रत्येक डाव खेळला. कोणाकडे खरोखर जड पत्ते असले तेवढेच डाव त्याने सोडले. ते प्रेक्षक खातं कंपनीच्या आतलं होतं आणि त्याला सगळ्यांचे पत्ते दिसत होते.

तिच्या बहीण साइटवर, अल्टिमेटबेटवर, हाच प्रकार कितीतरी वर्षं चालू होता. तिथे फाइल मिळाली नव्हती. खेळाडूंनी स्वतःजवळचे हजारो डाव एकत्र केले आणि 'नियोनियो' या खात्याच्या जिंकण्याचा वेग इतरांशी ताडून पाहिला. तो आकडा नशिबाने किंवा कौशल्याने येणं अशक्य होतं. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक लोकांच्या प्रदेशातून चालणाऱ्या कानावाके गेमिंग कमिशनने चौकशी केली आणि २००८ मध्ये मुख्य दोषी म्हणून रस हॅमिल्टनचं नाव घेतलं. हा १९९४ चा पोकरचा जगज्जेता. अल्टिमेटबेटला १५ लाख डॉलर दंड झाला, अ‍ॅब्सोल्यूटला ५ लाख, आणि अल्टिमेटबेटच्या खेळाडूंना दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत द्यावी लागली. दंड कमी होता, आणि ते कमिशन वेळेत जागं झालं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पैसे परत मिळाले, कारण प्रत्येक डावाची नोंद होती, ती मागण्याचा हक्क होता, आणि कंपनीला जाब विचारणारं कोणीतरी होतं.

आता तुमचा क्लब बघा. अ‍ॅप बनवणारी कंपनी म्हणते की आमच्या चिप्स खोट्या आहेत, आम्ही पैशांचं काही बघत नाही. पैसे एजंट यूपीआयने घेतो आणि देतो, किंवा उधारीवर खेळवतो आणि आठवड्याने हिशोब करतो. एजंटची कमाई रेकमधून. ते दोघं रोज टेबल चालू ठेवतात, म्हणजे त्याचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक तेच. त्यांना काढून टाकण्यात त्याचं नुकसान आहे. ती खाती त्याचीच किंवा त्याच्या माणसांची नसतीलच असंही तुम्ही ठामपणे म्हणू शकत नाही. तक्रार कोणाकडे करायची, तर त्याच्याकडेच. तुमचे 'पत्ते चालत नाहीत' हे उत्तर देणाराही तोच. माझ्या मते तुमच्या दोघा खेळाडूंबद्दलचा संशय खरा असो वा नसो, या रचनेत तुमचा पैसा सुरक्षित राहूच शकत नाही. मी पाहिलेल्या नोंदींपैकी सगळ्यात उघड लूट अशाच क्लबांमधली होती, आणि त्यातल्या कोणालाही एजंटने रुपया परत केलेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि देशातल्या ओळखीच्या पोकर कंपन्यांनी पैशांची टेबलं बंद केली. त्या कंपन्यांबद्दल माझ्या तक्रारी होत्या, पण तिथे निदान केवायसी होतं आणि तक्रारीला पत्ता होता. तिथले खेळाडू आता अशा क्लबांकडे ओढले जातायत, आणि तुमच्यासारखे प्रश्न मला आता जास्त येतात. याची मला खरोखर काळजी वाटते, कारण नवा माणूस जुन्या साइटवरचा विश्वास घेऊन इथे येतो.

पैसे परत मिळण्याबद्दल खोटी आशा देणार नाही. ज्या रकमा एजंटला दिल्यात त्या गेल्या असं धरा. पण पुढचं नुकसान थांबवता येईल. त्या टेबलावर चॅटमध्ये आरोप करू नका. अ‍ॅपमधून जेवढे जुने डाव बघता येतात त्यांचे स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण क्लबमधून काढलं की ते दिसत नाहीत. एजंटशी झालेलं बोलणं आणि यूपीआयच्या पावत्या एका ठिकाणी ठेवा. क्लबमध्ये चिप्स शिल्लक असतील तर कारण न सांगता काढून घ्या, आधी थोड्या, मग उरलेल्या.

उधारीबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय की आठवड्याचे पैसे बाकी आहेत आणि एजंट घरी येईन म्हणतोय. तुम्ही घाबरून गप्प बसू नका. या केंद्रीय कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्याला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही. ही गोष्ट त्याला तुमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. घरातल्या एका माणसाला आज सगळं सांगा, धमकीचे मेसेज पुसू नका, आणि पुढची रक्कम पाठवण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या सायबर पोलिसांकडे तक्रार करा.