युद्धानंतर बोस्नियात आंतरराष्ट्रीय संस्थांनी पैसे देण्यापलीकडे काय केले?

आपला प्रश्न असा आहे की, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात जागतिक बँक, नाणेनिधी, युरोपीय संघ यांसारख्या संस्था पैसे देण्यापलीकडे काय करतात आणि त्यामुळे तिथला व्यापार खरोखर उभा राहतो का. मी या विषयाचा जेवढा अभ्यास केला आहे, त्यात बोस्निया-हर्झेगोविनाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, म्हणून त्याच देशापुरते लिहितो.

सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक (बोस्नियातील मुस्लिम) या समाजांतील युद्ध थांबवण्यासाठी अमेरिकेतील डेटन येथे ठरलेल्या शांतता करारावर १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिसमध्ये सह्या झाल्या आणि त्यानंतर जागतिक बँक व युरोपीय आयोग यांच्या पुढाकाराने ५.१ अब्ज डॉलरचा पुनर्बांधणी कार्यक्रम आखण्यात आला. रस्ते, पूल, वीज, पाणी, घरे ही कामे त्यातून झाली. ती मोठी असली तरी कशी करायची हे ठाऊक होते. अडचण पुढे होती, कारण रस्ता दुरुस्त झाला तरी त्यावरून पलीकडच्या भागात जायला माणूस धजावत नव्हता. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक भागांतील वाहनांच्या नंबरप्लेट वेगवेगळ्या असल्यामुळे चालक कुठल्या बाजूचा आहे हे लांबूनच ओळखू येत असे. १९९८ मध्ये उच्च प्रतिनिधींच्या, म्हणजे कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने सर्वांसाठी एकच नंबरप्लेट लागू केली. तिच्यावर गावाची खूण नव्हती, आणि अक्षरेही रोमन व सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी, म्हणजे ए, ई, जे, के, एम, ओ आणि टी एवढीच घेतली होती. खर्चाच्या मानाने इतका परिणाम साधणारे दुसरे काम त्या काळात क्वचितच झाले असेल, असे माझे मत आहे.

चलनाचे तसेच. देशात जर्मन मार्क, क्रोएशियाचा कुना, युगोस्लाव्ह दिनार आणि बोस्नियाचा दिनार अशी चार चलने भागाभागांनुसार चालत होती. करारातील राज्यघटनेनेच अशी तरतूद केली होती की मध्यवर्ती बँकेचा पहिला गव्हर्नर नाणेनिधीने नेमावा आणि तो बोस्नियाचा किंवा शेजारच्या कोणत्याही देशाचा नागरिक नसावा; त्यामुळे न्यूझीलंडचे पीटर निकोल यांनी २००४ अखेरपर्यंत ही बँक सांभाळली. १९९८ मध्ये आलेला ‘परिवर्तनीय मार्क’ जर्मन मार्कशी एकास एक बांधलेला होता आणि तेवढी परकी गंगाजळी हाताशी असल्याशिवाय नोटा काढण्याची बँकेला मुभा नव्हती. नोटांवर कोणाचे चित्र असावे यावरून वाद होताच. अखेर बहुतेक नोटांच्या दोन आवृत्त्या छापल्या गेल्या, त्यांवर देशाच्या दोन घटकांचे, म्हणजे बोस्नियाक-क्रोएट संघराज्य आणि सर्ब प्रजासत्ताक या स्वायत्त भागांचे, वेगवेगळे साहित्यिक आले आणि दोन्ही आवृत्त्या देशभर चालतील असे ठरले. (पुढाऱ्यांवर एकमत होणे त्याहून अवघड गेले असते.)

मात्र सगळा व्यापार संस्थांनी आखून दिला, असे समजू नये. ईशान्य बोस्नियातील बर्चको शहराजवळ नाटोच्या सैनिकांनी ज्याला ‘एरिझोना’ नाव दिले होते, त्या रस्त्यावरील चौकीच्या आसऱ्याने तिन्ही समाजांचे लोक आपणहून खरेदी-विक्री करू लागले आणि तिथे प्रचंड बाजार उभा राहिला. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणारे तिथे भाव ठरवत होते, हे खरे. पण करचुकवेगिरी, तस्करी आणि स्त्रियांची विक्रीही त्याच बाजारात फोफावली, आणि त्याला कायद्याच्या चौकटीत आणायला पुढे बरीच वर्षे लागली.

करवसुली एकत्र आणणे सर्वांत चिवट ठरले. दोन्ही घटकांच्या वेगळ्या सीमाशुल्क यंत्रणा मोडून एकच प्राधिकरण बान्या लुका येथे उभे राहिले आणि १ जानेवारी २००६ पासून देशभर १७ टक्के मूल्यवर्धित कर सुरू झाला, तोही युरोपीय संघाच्या सततच्या रेट्यामुळे. जमलेला महसूल कोणी किती घ्यायचा, यावरची भांडणे मात्र त्यानंतरही चालू राहिली. आणि जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यत्वासाठी १९९९ मध्ये केलेला अर्ज दोन दशकांहून अधिक काळ वाटाघाटींतच अडकून राहिला.