भाषा बोलता येत नसेल, तर माणूस त्या समाजाचा राहतो का?

राहतो, पण त्यासाठी समाजाला भाषेची जागा कुठेतरी राखून ठेवावी लागते. मॉरिशसचेच उदाहरण घ्या. १८३४ नंतर ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांमध्ये कोकणातील कुटुंबेही होती. आज त्यांच्या वंशजांच्या घरात बहुधा क्रिओल (फ्रेंचवर आधारलेली तेथील बोली) बोलली जाते, तरीही ते स्वतःला मराठीच म्हणवतात. तेथील जनगणनेत घरात बोलली जाणारी भाषा आणि पूर्वजांची भाषा असे दोन वेगळे प्रश्न असतात, आणि दुसऱ्या प्रश्नाला मराठी असे उत्तर देणारा माणूस खरे तर आपण कोणत्या समाजाचे आहोत हेच सांगत असतो. तेथील भोजपुरी, तमिळ व तेलुगू वंशाचे लोकही बहुतांशी हिंदूच असल्यामुळे केवळ धर्माने वेगळेपण ठरत नाही. ते ठरते पूर्वजांच्या भाषेवरून. गणेशोत्सवात गप्पा क्रिओलमध्ये आणि आरती मात्र मराठीत, हे आपल्याला विसंगत वाटेल. त्यांना वाटत नाही.

तंजावरचे चित्र याच्या उलट आहे. भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले, पण मराठी घरात टिकली. अनेकांची देवनागरी सुटली, म्हणून तीच भाषा ते तमिळ लिपीत लिहू लागले. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि तीही आपल्या कानाला थोडी जुनी, तमिळ वळणाची वाटणारी. (ती ऐकून पुण्यातल्या माणसाने हसू नये, एवढी माफक अपेक्षा.) माझ्या मते तंजावरात भाषा हा व्यवहार आहे, तर मॉरिशसमध्ये ती वारसा झाली आहे.