कुपवाडच्या शाळेत परप्रांतीय मुलं वाढली आहेत. माझ्या मुलीच्या अभ्यासावर परिणाम होईल का?

नुसत्या त्या कारणासाठी मुलीला शाळेतून काढू नका. वर्गात कोणत्या भाषेची, जातीची किती मुलं आहेत, एवढ्यावरून कुणाचे मार्क ठरत नाहीत. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा शाळांवरचा प्रचंड मोठा अहवाल आला. त्यात मुलांच्या गुणांवर सर्वांत जास्त परिणाम घरच्या परिस्थितीचा दिसला. सोबतची मुलं कशा घरांतून येतात याचाही परिणाम होता, पण तो वंशापेक्षा गरिबी आणि पालकांच्या शिक्षणाशी जोडलेला होता.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. दिल्लीच्या खासगी शाळांना गरीब मुलं घेणं सक्तीचं झालं, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या सधन मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या एकूण गुणांवर फारसा परिणाम झाला नव्हता, उलट ती अधिक उदार झाली होती. (साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ पासून सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच वसतिगृहात ठेवली, हेही विसरू नये.)

खरी अडचण वेगळीच असते. वर्षाच्या मध्येच आलेल्या, घरी हिंदी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचता येत नाही आणि एकटे गुरुजी दोन-दोन इयत्ता सांभाळत असतात. तिथे सगळ्यांचाच अभ्यास रखडतो, नव्या मुलाचा सर्वांत जास्त. म्हणून शाळेत जाऊन विचारा: शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? नव्या मुलांना मराठी शिकवायला वेगळा तास आहे का? नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो मागा.